भेग बाहेर दिसते, दुरुस्ती आतून होते : जुन्या गार्डन ट्रॅक्टरचे फायबरग्लासचे बॉनेट

गार्डन ट्रॅक्टर म्हटले की आपल्याकडच्या वाचकाच्या डोळ्यांसमोर नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागेत फवारणी करणारा छोटा ट्रॅक्टर उभा राहतो. या लेखातला ट्रॅक्टर मात्र वेगळा आहे. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर शहरांच्या बाहेर एक-दोन एकरांच्या आवारात घरे बांधून राहणारा मोठा वर्ग तयार झाला आणि त्याच्यासाठी गवत कापणारी, हिवाळ्यात बर्फ ढकलणारी आणि परसातली जमीन नांगरणारी छोटी, पण लोखंडी हाडापेराची यंत्रे बाजारात आली. इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९६१ मध्ये कब कॅडेट आणले, जॉन डिअरने १९६३ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या होरिकॉनच्या कारखान्यातून ११० हे मॉडेल बाहेर काढले, तर इंडियानातल्या साउथ बेंडची व्हील हॉर्स ही कंपनी त्याआधीपासूनच या धंद्यात होती. यांतली हजारो यंत्रे आजही चालू स्थितीत आहेत. त्यांची इंजिने साधी असून सुटे भाग मिळत असल्यामुळे ती पुन्हा पुन्हा उभी करता येतात. अडते ते बाहेरच्या अंगावर, कारण अनेक मॉडेलांचे बॉनेट, डॅशचा (चालकासमोरच्या पॅनेलचा) खांब किंवा मडगार्ड पत्र्याऐवजी फायबरग्लासचे होते, आणि पन्नास वर्षांनंतर ते सहसा कुठे ना कुठे तडकलेले असतात. नवे मिळत नाही आणि जुने बाजारात मिळालेच तर तेही तडकलेले मिळते, म्हणून दुरुस्ती शिकण्याला पर्याय राहत नाही.

पत्र्याऐवजी फायबरग्लास का निवडले गेले, याचे कारण पैशांत आहे. पत्र्याला गोलाई देण्यासाठी पोलादी डाय, म्हणजे पत्रा दाबून घडवण्याचा साचा, लागते, तिचा खर्च प्रचंड असतो आणि तो लाखो नग विकले गेले तरच वसूल होतो. फायबरग्लासच्या साच्याला त्या मानाने किरकोळ खर्च येतो, म्हणून कमी संख्येने निघणाऱ्या वस्तूंसाठी तो परवडतो. १९५३ साली शेवरोलेने कॉर्व्हेट ही मोटार याच साहित्याच्या अंगाने बाजारात आणली, तेव्हा पहिल्या वर्षी तिचे फक्त ३०० नग तयार झाले होते. गार्डन ट्रॅक्टरांचे गणितही बरेचसे याच जातीचे होते.

फायबरग्लास म्हणजे दोन अगदी भिन्न वस्तूंचा संसार. काच वितळवून तिचे साधारण दहा ते पंधरा मायक्रॉन जाडीचे, म्हणजे माणसाच्या केसाहून कितीतरी बारीक, तंतू ओढले जातात. ओढ सहन करण्यात हे तंतू विलक्षण ताकदवान असतात, पण ते सुटे असल्यामुळे त्यांना आकार नसतो. दुसरी वस्तू म्हणजे रेझिन, एक चिकट द्रव. ते घट्ट झाल्यावर आकार धरून ठेवते, पण एकटे असले तर काचेच्या बरणीसारखे ठिसूळ असते. भार तंतू वाहतात, आणि रेझिन त्यांना जागेवर धरून एका तंतूवरचा ताण शेजारच्या तंतूकडे पोहोचवते. मातीच्या भिंतीत गवताचा काड मिसळण्यामागे हीच समज होती. दुरुस्तीतली प्रत्येक पायरी या एका गोष्टीवरून ठरते : भेग पडली याचा अर्थ त्या ठिकाणचे तंतू तुटले, आणि भार वाहायला पुन्हा तंतूच आले पाहिजेत. भेगेत नुसते रेझिन ओतणे, किंवा मोटारीच्या गॅरेजमध्ये मिळणारी लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारणे, ही झाकपाक आहे. इंजिन सुरू केल्यावर काही तासांतच ती भेग रंगातून पुन्हा डोके वर काढते.

ती तासांतच का निघते, हे इंजिनाकडे पाहिल्यावर कळते. कब कॅडेट आणि जॉन डिअर ११० यांच्या पहिल्या मॉडेलांत कोहलर कंपनीचे सात अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे इंजिन होते. एकच पिस्टन वरखाली होत असल्यामुळे त्याचे धक्के पूर्णपणे संतुलित करता येत नाहीत, आणि मिनिटाला ३६०० फेरे म्हणजे सेकंदाला साठ वेळा हा थरकाप चौकटीतून बॉनेटच्या बोल्टांपर्यंत पोहोचतो. त्यात एखाद्या उत्साही मालकाने बोल्ट पिळून पिळून आवळलेला असतो, वायसर लहान असतो आणि मधला रबर केव्हाच गळून पडलेला असतो. मग भोकाच्या कडेपासून भेग सुरू होते आणि ज्या दिशेला पॅनेल जास्त लवते त्या दिशेला सरकत जाते. त्यामुळे भेग दिसली की आधी तिचे मूळ शोधावे. बिजागरीचा बोल्ट, आधाराची वाकलेली पट्टी किंवा बॉनेट जिथे चौकटीवर आपटते ती जागा, यांपैकी काही ना काही सापडतेच. ते कारण तसेच ठेवून केलेली उत्तम दुरुस्तीसुद्धा शेजारी नवी भेग पाडते.

बॉनेट काढून उलटे ठेवल्यावर पहिले काम म्हणजे ते नेमके कशाचे आहे हे ओळखणे. हाताने मॅट (काचेच्या कापलेल्या तंतूंची चादर) अंथरून किंवा फवारणीच्या यंत्राने तंतूंचे तुकडे उडवून केलेल्या पॅनेलची आतली बाजू खडबडीत असते, त्यात तंतूंची जाळी दिसते, आणि रंग नसलेल्या जागी मागून टॉर्च धरला तर पिवळसर-हिरवट उजेड आरपार येतो. दोन पोलादी साच्यांच्या मध्ये उष्णता देऊन दाबलेले पॅनेल मात्र दोन्ही बाजूंनी गुळगुळीत, आतपर्यंत करड्या रंगाचे आणि अपारदर्शक असते. त्यात चुन्याच्या भुकटीसारखे भरण असते, शिवाय साच्यातून सहज सुटावे म्हणून मेणचट पदार्थ मिसळलेला असतो. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण या दुसऱ्या प्रकारावर नेहमीचे पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही आणि तिथे इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचे रेझिनच वापरणे शहाणपणाचे ठरते. पहिल्या प्रकारावर दोन्ही चालतात.

नुकसान कुठपर्यंत गेले आहे, हे नाण्याने ठोकून कळते. धड भागावर टणक, स्वच्छ आवाज येतो, तर थर सुटलेल्या भागावर बद्द. नारळ पारखण्याची सवय असलेल्या हाताला हे शिकवावे लागत नाही. टॉर्चच्या उजेडात सुटलेला भाग पांढुरका दिसतो, तेव्हा पेन्सिलने त्याची हद्द आखून घ्यावी. ती जवळजवळ नेहमीच दिसणाऱ्या भेगेपेक्षा बरीच मोठी निघते. रंगाच्या वरच्या थरात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा असतील आणि आतून काहीच बिघडलेले नसेल, तर तो नुसता वरचा थर घासून काढला तरी भागते.

बॉनेटचे तुकडे झालेले असतील तर ते धुऊन जपून ठेवावेत आणि त्यांच्या तुटक्या कडांना अजिबात हात लावू नये. ज्याला पहिली चूक म्हणावी ती इथेच होते : माणूस ग्राइंडर घेऊन कडा साफ करून टाकतो, आणि मग तुकडे एकमेकांत बसत नाहीत. तुटलेली कड ही चित्रकोड्याच्या तुकड्यासारखी असते, तिचा ओबडधोबडपणाच ती कुठे बसायची हे सांगतो. म्हणून आधी सगळे तुकडे बाहेरच्या बाजूने रुंद टेपने जोडून, शक्य असेल तर बॉनेट ट्रॅक्टरवर बसवून, बोल्ट लावून, रेषा सरळ आली की नाही ते पाहावे आणि मगच आतून काही ठिकाणी थोड्या रेझिनने टाके घालावेत. बाहेरच्या बाजूचा आकार असा पकडून ठेवला की उरलेले सगळे काम आतून करता येते आणि मूळ गोलाई बिघडत नाही.

घासण्यापूर्वी धुणे, हा क्रम उलटा करू नये. पन्नास वर्षांचे तेल, ग्रीस आणि मेणाचे पॉलिश आधी साबणाने आणि मग ग्रीस काढणाऱ्या द्रावणाने पुसून काढले नाही, तर सँड पेपर तो तेलकटपणा खरवडलेल्या तंतूंत आणखी खोल चोळतो. त्यानंतर भेगेच्या दोन्ही टोकांना तीन मिलिमीटरचे छोटे भोक पाडावे. टोकदार भेगेच्या अग्रावर ताण एकवटतो, गोल भोकाच्या कडेवर तो पसरतो, त्यामुळे भेग पुढे सरकायची थांबते.

आता उताराचा विषय. नवा थर जुन्याला धरतो तो केवळ पृष्ठभागाच्या चिकटण्याने, कारण जुने रेझिन केव्हाच घट्ट झालेले असते आणि नवे त्याच्याशी रासायनिक रीतीने फारसे जुळत नाही. म्हणून चिकटायला जितकी जास्त जागा मिळेल तितके चांगले, आणि ती मिळवण्याचा मार्ग म्हणजे भेगेच्या दोन्ही बाजूंना लांब, सौम्य उतार घासणे. जाडीच्या बारा पट लांबीचा उतार हे होड्यांच्या दुरुस्तीत रूढ असलेले माप आहे. पॅनेल तीन मिलिमीटर जाड असेल तर भेगेच्या प्रत्येक बाजूला छत्तीस मिलिमीटर, म्हणजे एकूण सात सेंटिमीटरांहून थोडा अधिक रुंद पट्टा आतून घासावा लागतो. इतक्याशा भेगेसाठी इतके मोठे मैदान उकरायचे, हे पहिल्यांदा जिवावर येते. घासायला ३६ किंवा ४० नंबरचा जाडा पेपर घ्यावा, कारण रेझिनला पकडायला ओरखडे हवे असतात. गुळगुळीत केलेली जागा दिसायला छान दिसते, पण तिच्यावर थर टिकत नाही.

या धुळीविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. काचेच्या तंतूंची ती धूळ कातडीत रुतते आणि आठवडाभर खाजवत ठेवते. फुप्फुसांना तर ती अजिबात नको. पूर्ण बाह्यांचा शर्ट, बंद चष्मा आणि धुळीचा चांगला मास्क लावून, शक्यतो अंगणात काम करावे आणि नंतर गार पाण्याने हात धुवावेत.

दुरुस्तीसाठी पॉलिएस्टर घ्यावे की इपॉक्सी, यावर भरपूर वाद घातला जातो. माझे मत असे की बहुतेक सगळ्या भेगांसाठी इपॉक्सी घ्यावे, कारण जुन्या पृष्ठभागाला ते अधिक घट्ट धरते आणि घट्ट होताना कमी आक्रसते. पॉलिएस्टर स्वस्त पडते, लवकर घट्ट होते आणि मोठे भाग नव्याने घडवायचे असतील तर तेच सोयीचे. मात्र दोघांची सरमिसळ करताना क्रम सांभाळावा : पॉलिएस्टरवर इपॉक्सी चालते, पण इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा भरवसा धरू नये. आणखी एक सापळा मॅटमध्ये आहे. काचेचे कापलेले तंतू वेडेवाकडे अंथरून केलेल्या मॅटमध्ये ते एकत्र राहावेत म्हणून जो चिकट पदार्थ घातलेला असतो, तो सहसा पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या पातळ द्रवात विरघळेल असा असतो. इपॉक्सीत स्टायरीन नसल्यामुळे अशी मॅट ताठच राहते आणि कोपऱ्यात बसत नाही. इपॉक्सीबरोबर विणलेले काचेचे कापड वापरावे.

दोघांची घट्ट होण्याची रीतही निराळी आहे. इपॉक्सीत रेझिन आणि हार्डनर, म्हणजे ते घट्ट करण्यासाठी मिसळायचा द्रव, हे दोन्ही मिळून अंतिम पदार्थ बनतो, त्यामुळे डब्यावर दिलेले प्रमाण काटेकोर पाळावे लागते. लवकर व्हावे म्हणून हार्डनर वाढवला तर तो जास्तीचा भाग तसाच राहून सगळे मऊ पडते. पॉलिएस्टरमध्ये हार्डनर हा फक्त ठिणगीचे काम करतो. रेझिनच्या वजनाच्या एक ते दोन टक्के, म्हणजे शंभर ग्रॅमला एक-दोन मिलिलिटर, एवढ्याने साखळीची क्रिया सुरू होते. गारठ्यात थोडा जास्त, उन्हाळ्यात थोडा कमी, इतकी सूट इथे आहे, पण गॅरेजचे तापमान पंधरा अंशांच्या खाली असेल तर हार्डनर वाढवण्यापेक्षा खोली गरम करावी. विस्कॉन्सिनच्या जानेवारीत हा सल्ला पुस्तकी वाटत नाही. क्रिया सुरू झाली की उष्णता बाहेर पडते, आणि खोल डब्यात एकदम अर्धा लिटर कालवून ठेवले तर ते धूर सोडत, तडकत गोठते. उथळ ताटलीत थोडे थोडे कालवावे.

पॉलिएस्टरच्या हार्डनरबद्दल दोन गोष्टी पाठ असाव्यात. तो डोळ्यात गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते, म्हणून चष्म्याशिवाय बाटली उघडू नये आणि थेंब उडालाच तर लगेच भरपूर पाण्याने डोळे धूत राहून दवाखाना गाठावा. दुसरे, रेझिनला जलद करणारा कोबाल्टचा द्रव वेगळा मिळत असेल, तर तो आणि हार्डनर कधीही थेट एकमेकांत मिसळू नयेत. ते मिश्रण पेट घेऊ शकते, उडूही शकते. अमेरिकेत कोबाल्ट बहुधा रेझिनमध्ये आधीच घातलेला असतो, त्यामुळे हा प्रश्न सहसा येत नाही. आपल्याकडे कोकणात लाकडी होडीला फायबर मारणारे कारागीर रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळे आणतात. ते आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घेतात आणि हार्डनर अगदी शेवटी टाकतात.

पॉलिएस्टरने काम करायचे ठरले तर मॅट कात्रीने न कापता हाताने फाडावी, म्हणजे तिची कड विरळ होत जाते आणि थर जुन्या पॅनेलमध्ये पायरी न पाडता मिसळतो. अमेरिकेत दीड औंसाची म्हणून मिळणारी मॅट म्हणजे आपल्याकडची चौरस मीटरला ४५० ग्रॅमची. तिचा एक थर घट्ट झाल्यावर साधारण एक मिलिमीटर भरतो, म्हणून तीन मिलिमीटरच्या पॅनेलला तीन थर पुरतात. उतारावर आधी सगळ्यांत मोठा तुकडा घालायचा की सगळ्यांत लहान, यावरही मते आहेत. मी मोठा आधी घालतो, कारण त्याचे तंतू संपूर्ण उताराला एकसंध धरतात आणि नंतरच्या घासण्यात तो कापला जात नाही. घासलेल्या जागेवर आधी रेझिनचा हात फिरवावा, त्यावर मॅट ठेवावी आणि ब्रशने ओढण्याऐवजी टोचत टोचत ती भिजवावी, मग खाचांच्या रोलरने हवा बाहेर काढावी.

मॅट भिजली की नाही, हे ती स्वतःच सांगते. कोरडी असताना ती पांढरी दिसते, कारण काच आणि हवा यांच्या सीमेवर प्रकाश विखुरतो. घट्ट झालेल्या रेझिनचा आणि काचेचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वळवण्याचे प्रमाण, जवळजवळ सारखा असल्यामुळे तंतूंभोवती रेझिन पूर्ण पोहोचले की ते दिसेनासे होतात. म्हणजे जिथे पांढरा ठिपका उरला तिथे हवा आहे, आणि तिथेच उद्याची भेग आहे. उलट टोकाला जाऊन रेझिनची तळी साठू देणेही वाईट, कारण काचेशिवायचे रेझिन ठिसूळच. मॅटच्या वजनाच्या दोन ते अडीच पट रेझिन हे योग्य प्रमाण. ताकद काचेत आहे, हे विसरून सढळ हाताने रेझिन ओतणारे पुष्कळ भेटतात.

दुसऱ्या दिवशी थराला बोट लावले तर ते चिकट लागते आणि माणूस घाबरतो. यात बिघडलेले काही नसते. हवेतला ऑक्सिजन पॉलिएस्टरच्या वरच्या पापुद्र्यात ती साखळीची क्रिया अडवतो, म्हणून हवेला लागलेला भाग कच्चा राहतो. पुढचा थर लगेच द्यायचा असेल तर हा चिकटपणा उपकारकच ठरतो, कारण नवा थर त्याच्याशी खरोखर जुळतो. शेवटच्या थरासाठी मेण मिसळलेले रेझिन मिळते. त्यातले मेण वर तरंगून हवा रोखते. पण त्यावर पुढे काही चढवायचे असेल तर ते मेण पुसून, घासून काढावे लागते.

आतला भाग घट्ट झाल्यावर बाहेरची टेप काढून भेगेची रेषा बाहेरून हलकी खोदावी, तिच्यात पातळ कापडाचा एक थर बसवावा, आणि एवढे झाल्यावरच लांबीला हात घालावा. लांबीची खरी जागा ही शेवटच्या अर्ध्या मिलिमीटरच्या खळग्यात आहे. तिच्यासोबत नळीत येणारा लाल किंवा निळा हार्डनर रेझिनच्या हार्डनरहून वेगळा असतो, त्यांची अदलाबदल करू नये.

बोल्टाची फाटलेली भोके ही खरी परीक्षा आहे. ती मोठी करून, भोवती दोन्हीकडून उतार घासून, पूर्ण बंद करावीत आणि आतून एक-दोन थर जास्तीचे द्यावेत, मग नव्याने भोक पाडावे. ते बोल्टापेक्षा किंचित मोठे असावे, कारण उन्हात आणि इंजिनाच्या उष्णतेत बॉनेट प्रसरण पावते आणि त्याला हलायला जागा लागते. दोन्ही बाजूंना रबर आणि रुंद वायसर हवेत. मजबुतीसाठी लोखंडी पट्टी थरांच्या आत गाडण्याचा मोह होतो, तो टाळावा. पाणी पोहोचले की ती गंजते, फुगते आणि थर आतून उकलते. अॅल्युमिनियमची पट्टी चालते.

रंगाची घाई मात्र अनेक चांगल्या दुरुस्त्या वाया घालवते. पॉलिएस्टर घट्ट होताना काही टक्के आक्रसते, आणि हे आक्रसणे पहिल्या रात्रीनंतरही चालू राहते. लगेच रंगवले तर महिन्याभराने उन्हात त्याच चकचकीत रंगाखाली मॅटचे ठसे आणि दुरुस्तीची कड उमटून येते. प्रायमर मारण्याआधी बॉनेट काही दिवस उन्हात तापू द्यावे, जे आक्रसायचे ते आक्रसून घ्यावे, आणि मगच ८० पासून ४०० पर्यंत पेपर बदलत घासावे, शेवटचे हात पाण्यासकट. मूळ रंग शोधताना थोडी चौकशी केलेली बरी. जॉन डिअरचे सगळे ट्रॅक्टर हिरवेच असतात अशी समजूत असते, पण १९६९ ते १९७१ या काळात कंपनीने ‘पॅटिओ’ मालिकेत पांढऱ्या अंगावर लाल, नारिंगी, निळे किंवा पिवळे बॉनेट आणि त्याच रंगाची सीट दिली होती. वरचा हिरवा थर घासताना खाली नारिंगी रंग निघाला, तर आधीच्या मालकाला दोष देण्याआधी थांबावे.

बॉनेट परत बसवल्यावर इंजिन सुरू करून, ते हळू, मध्यम आणि पूर्ण वेगात असताना बॉनेटच्या कडेखाली कागदाची पट्टी सरकवून पाहावी. ती जिथे अडकते तिथे बॉनेट चौकटीला घासत असते. त्या ठिकाणी रबराची पट्टी चिकटवावी, बोल्ट हाताने आवळून वर फक्त अर्धा फेरा पाना फिरवावा आणि पहिल्यांदा गवत कापून झाल्यावर पुन्हा एकदा टॉर्च घेऊन आतून पाहून घ्यावे.